फिट कधी आली नाही, मग फिटची गोळी कशाला?

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत, म्हणून आधी ते सुटे करून मांडते. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. गेले चार-पाच महिने त्या मधूनच मिनिटभर हरवतात. रोज सकाळी मोठ्याने मोजत वाती वळायची त्यांची सवय, आणि ही मोजणी मध्येच तुटते. कापूस संपलेला असतो, बोटं मांडीवर नुसतीच फिरत राहतात, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलतात, हाक मारली तर ओ देत नाहीत. मग एकदम भानावर येऊन ‘काय गं?’ असं त्याच विचारतात. डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला, तो नॉर्मल आला, तरी त्यांनी लेव्हेटिरासिटाम या फिटच्या औषधाची छोटी मात्रा लिहून दिली. ती पट्टी अजून कपाटात तशीच आहे, कारण तुमचे यजमान म्हणतात, आईला फिट कुठे येते? आणि त्यांनीच मोबाइलवर वाचलं की या आजारात मेंदूच्या पेशी अतिसक्रिय होतात. त्या दिवसापासून सासूबाईंची शब्दकोडी आणि पाढे बंद, डोक्याला आराम हवा म्हणून. तेव्हा हे हरवणं म्हणजे फिट का, गोळी द्यायची का आणि कोडी बंद ठेवायची का, हे ते तीन प्रश्न.

म्हणजे गोळी सुरू झालेली नाही आणि कोडी मात्र थांबली आहेत. मला वाटतं, दोन्ही गोष्टी उलट व्हायला हव्या होत्या. असं का वाटतं ते सांगते. सासूबाईंना तपासल्याशिवाय जे ठरवता येणार नाही, तेही त्या त्या ठिकाणी सांगेन.

मी बडोद्यात सव्वीस वर्षं मेंदूविकाराची प्रॅक्टिस करते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक काका यायचे, बँकेतून निवृत्त झालेले. काकू प्रत्येक वेळी सांगायच्या, ‘हे चहा पिता पिता थांबतात.’ बशी ओठाजवळ जाऊन थांबायची, तिरकी व्हायची, चहा सदऱ्यावर सांडायचा आणि काकांना पत्ताच नसायचा. मी म्हणाले, काकू, या आजारात असं होतं, लक्ष टिकत नाही. आठ महिन्यांनी पहाटे काकांना मोठी फिट आली, ते पलंगावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते स्वतःच्या पायावर नीट उभे राहिले नाहीत. काकू आठ महिने मला बरोबर तेच सांगत होत्या आणि मी ऐकून घेतलं नव्हतं. तेव्हापासून अल्झायमरचा रुग्ण आला की मी घरच्यांना हमखास विचारते: मधूनच थांबतात का? हातातली वस्तू हातात तशीच राहते का? तुम्ही वातींचं जे वर्णन लिहिलंय, ते वाचून मला ती तिरकी बशी आठवली.

आता ‘अतिसक्रिय’ या शब्दाकडे येते, कारण घरातला सगळा घोळ या शब्दाने झालाय. ऐकणाऱ्याला वाटतं की मेंदू फार काम करतोय, दमतोय, तेव्हा त्याला बसवून ठेवू. पण पेशी जास्त धडधडणं म्हणजे जास्त विचार करणं नव्हे. आपण बडोद्याची माणसं, म्हणून गरब्याचंच उदाहरण देते. हजारो माणसं गोलात फिरतात आणि टाळी एकाच क्षणाला पडते, कारण ढोलाने ठेका धरलेला असतो. ढोलवाल्याचा हात ढिला पडला तर माणसं थांबत नाहीत. जो तो आपल्या गतीने सुटतो, एकमेकांना धक्के बसतात. लांबून कुणी नुसती हालचाल मोजली तर ती वाढलेली दिसेल, पण गरबा मोडलेला असेल. मेंदूत बहुतेक पेशी पुढच्या पेशीला चेतवणाऱ्या असतात, त्यांचं रसायन ग्लुटामेट. थोड्या पेशी आवरणाऱ्या असतात, त्यांचं रसायन गाबा. संख्येने कमी असल्या तरी ठेका त्यांच्या हातात असतो. अल्झायमरमध्ये या आवरणाऱ्या पेशींचं काम बिघडतं आणि चेतवणाऱ्या पेशी बेताल सुटतात. आठवण साठवायची तर ठराविक पेशी ठराविक क्रमाने चालाव्या लागतात. सगळीकडून गलका सुरू झाला की नवी आठवण त्यात उमटतच नाही. म्हणून पेशी अतिसक्रिय आणि माणूस मात्र हरवल्यासारखा, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

हे आम्हालाही उशिरा कळलं. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली जर्मनीत ट्युबिंगेनच्या सभेत त्यांच्या रुग्ण बाईंच्या मेंदूतले डाग आणि पेशींतले गुंते यांचं वर्णन केलं. पुढची जवळजवळ शंभर वर्षं चित्र एकच होतं: पेशी मरतात, दिवे एकेक करून विझत जातात. मीही तेच शिकले. मग २००८ साली म्युनिकमधल्या संशोधकांनी अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांच्या जिवंत मेंदूत, पेशी काम करत असताना, सूक्ष्मदर्शकाने पाहिलं. मेंदूच्या वरच्या थरातल्या २९ टक्के पेशी मंदावलेल्या निघाल्या. ते अपेक्षितच होतं. पण २१ टक्के पेशी नेहमीपेक्षा जास्त वेगात होत्या, आणि त्या सगळ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या डागांच्या अगदी लगत होत्या. डागापासून दूर अशी एकही नव्हती.

असं का होतं, याचा एक मोठा दुवा २०१९ साली मिळाला. एका पेशीने ग्लुटामेट सोडलं की निरोप पोचल्याबरोबर ते उचलून घ्यावं लागतं, नाहीतर निरोप वाजतच राहतो. अमायलॉइडचे छोटे विरघळलेले कण नेमकी ही उचल अडवतात. मग जी पेशी आधीच कामात असते, ती आणखी पेटते. त्यात भर म्हणजे पेशी जितकी जास्त चालते तितकं जास्त अमायलॉइड बाहेर सोडते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत वेगळं सिद्ध झालेलं आहे. अमायलॉइडमुळे गलका आणि गलक्यामुळे अमायलॉइड, असं ते चक्र आहे. टाऊ नावाचं दुसरं प्रथिन, ज्याचे पेशीत गुंते होतात, तेही जास्त चालणाऱ्या पेशींमधून पुढच्या पेशींत लवकर पसरतं असं उंदरांत दिसलंय. पुढे टाऊ वाढला की पेशी उलट गप्प होत जातात. म्हणून आजार कोणत्या टप्प्यावर आहे यावर बरंच अवलंबून आहे. सुरुवातीला, नुसता विसरभोळेपणा वाटतो तेव्हा, आठवणींचं केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस स्कॅनमध्ये जास्त उजळलेला दिसतो. काही वर्षांनी तोच भाग निस्तेज होतो. एकाच रुग्णाबद्दल दोन डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, त्यामागे कधी कधी हेच असतं.

हिप्पोकॅम्पसचं हे जास्त उजळणं बरीच वर्षं चांगलं लक्षण समजलं जायचं. बिचारा मेंदू जादा जोर लावून तूट भरून काढतोय, असा अर्थ लावला जायचा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०१२ साली स्मरणशक्ती नुकतीच कमी होऊ लागलेल्या लोकांना अगदी कमी मात्रेत लेव्हेटिरासिटाम दिलं, म्हणजे तुमच्या कपाटात आहे तेच औषध. हिप्पोकॅम्पसची जादा हालचाल उतरली आणि स्मरणाच्या चाचणीत गुण वाढले. ती हालचाल मदत करणारी असती तर ती उतरल्यावर गुण घसरायला हवे होते. माझ्या मनातलं चित्र या एका निकालाने बदललं.

आता सासूबाईंकडे. पेशींचा हा गलका सगळ्याच रुग्णांत फिटपर्यंत जातो असं नाही. बहुतेकांमध्ये तो बाहेरून दिसतही नाही. काहींच्या मेंदूत मधूनमधून विद्युत ठिणग्या उडतात, आणि काहींत त्या ठिणग्या मिनिटभर एकाच भागात पेटून राहतात. तो भाग कानशिलामागचा, आठवणींचा असेल तर हातपाय झटकले जात नाहीत, तोंडाला फेस येत नाही. माणूस थांबतो, नजर स्थिर होते, ओठ चघळल्यासारखे हलतात, बोटं पदराशी किंवा बटणाशी चाळा करतात. हीसुद्धा फिटच असते. आपल्याकडे फिट म्हटलं की रस्त्यावर कोसळलेला माणूस आणि नाकाला लावलेली चप्पल डोळ्यांसमोर येते, म्हणून घरच्यांना हे पटत नाही. शिवाय घरात लग्नाची मुलगी असली की ‘फिट’ हा शब्दच नको असतो. तुमच्या घरात असं काही असेल तर एवढं सांगते: या फिट सासूबाईंच्या वयात, या आजारातून आलेल्या आहेत. अशा फिटचं ओझं नातवंडांच्या लग्नावर टाकायचं काही कारण नाही.

ईईजी नॉर्मल आला याचा अर्थ यजमान लावतात तेवढा मोठा नाही. साधा ईईजी वीस-पंचवीस मिनिटांचा असतो, दुपारी, जागेपणी. ठिणग्या मात्र बऱ्याचदा झोपेत उडतात, तेही खोलवर, कवटीच्या वर लावलेल्या तारांपासून दूर. बोस्टनच्या डॉक्टरांनी २०१७ साली दोन रुग्णांमध्ये कवटीच्या तळाशी असलेल्या नैसर्गिक छिद्रांतून बारीक इलेक्ट्रोड थेट हिप्पोकॅम्पसजवळ नेले. तिथे झोपेत फिट नोंदल्या गेल्या आणि डोक्यावरच्या तारांत त्याच वेळी काही दिसत नव्हतं. कॅलिफोर्नियात २०१६ साली, ज्यांना कधीच फिट आली नव्हती अशा ३३ अल्झायमर रुग्णांचा रात्रभराचा ईईजी आणि सोबत मेंदूची चुंबकीय नोंद घेतली, तेव्हा १४ जणांत म्हणजे ४२ टक्क्यांहून थोड्या जास्त रुग्णांत अशा लपलेल्या ठिणग्या सापडल्या. त्याच वयाच्या निरोगी १९ जणांत त्या फक्त दोघांना होत्या. आणि ज्यांना होत्या त्यांची घसरण जोरात होती: तीस गुणांच्या नेहमीच्या चाचणीत वर्षाला सरासरी ३.९ गुण, बाकीच्यांचे १.६. अभ्यास लहान आहे, हे आकडे जसेच्या तसे तुमच्या घराला लावू नका. पण ज्या ठिणग्यांकडे आम्ही दुर्लक्ष करत होतो, त्या दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत, एवढं त्यातून नक्की निघतं.

म्हणून माझी पहिली सूचना: डॉक्टरांना विचारून झोपेतला ईईजी काढता येतो का बघा. रात्रभराचा व्हिडिओसकट झाला तर उत्तमच. तो मोठ्या रुग्णालयातच होतो, खर्च येतो, आणि सासूबाई डोक्यावरच्या तारा रात्रभर ठेवू देतील का हाही प्रश्न असतो. नाहीच जमलं तर आदल्या रात्री थोडं जागवून सकाळी झोपेत काढलेला तासाभराचा ईईजीसुद्धा साध्या ईईजीपेक्षा कामाचा. तोही नॉर्मल आला आणि झटके तुम्ही लिहिता तसेच असतील, तर मी वर्णनावर विश्वास ठेवते. तुमच्या डॉक्टरांनीही तेच केलेलं दिसतं, आणि माझ्या मते बरोबर केलं.

पण एक अट आहे. मिनिटभर हरवण्याची दुसरी कारणं आधी बघून घ्यायला हवीत, आणि ती झाली आहेत की नाहीत हे तुमच्या लिहिण्यात आलेलं नाही. त्यांना मधुमेह असून साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर झटका आला की लगेच बोट टोचून साखर मोजा. सकाळी पूजा होईपर्यंत उपाशी राहणाऱ्या आजी आणि रात्रीच्या गोळीचा असर, ही जोडी मी कितीदा तरी बघितली आहे. अल्झायमरसाठी डोनेपेझिल चालू असेल तर नाडी बघा, कारण त्याने काहींची नाडी फार मंदावते आणि क्षणभर रक्त मेंदूपर्यंत पुरत नाही. त्यासाठी आधी एक साधा ईसीजी काढा. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर रक्तातलं सोडियम तपासा. बी-१२ आणि थायरॉइड झालं नसेल तर तेही. आणि घरातल्या इतर औषधांची पिशवी एकदा डॉक्टरांसमोर रिकामी करा. सर्दी-खाजेसाठीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या या वयात आणि या आजारात गोंधळ वाढवतात. ट्रामाडोलसारखी दुखण्याची गोळी तर फिट येण्याचा उंबरठाच खाली आणते. गुडघेदुखीसाठी कुणीतरी लिहून दिलेली ही गोळी बंद केल्यावर झटके थांबले, असे रुग्ण माझ्याकडे आहेत.

झटका आणि नुसतं लक्ष उडणं यातला फरक मी घरच्यांना असा सांगते. दर वेळी तेच आणि तसंच होतं का? तीच बोटं, तेच ओठ? अर्ध्या मिनिटापासून दोनेक मिनिटांत संपतं का? खांद्याला हात लावूनही त्या येत नाहीत का? आणि नंतर काही मिनिटं जास्त गोंधळलेल्या असतात का? चारही उत्तरं हो असतील तर बहुधा फिट. उलट त्या अर्धा दिवस गुंगीत आणि अर्धा दिवस छान असतात, नसलेली माणसं किंवा मुलं दिसतात, झोपेत हातवारे करतात असं असेल, तर आजार वेगळ्या जातीचा, ल्युई बॉडी प्रकारचा असू शकतो, तेव्हा ते डॉक्टरांना नक्की सांगा. आणि बदल एक-दोन दिवसांत अचानक आला असेल तर आधी लघवीचा संसर्ग, ताप, बद्धकोष्ठ शोधायचं. तुमच्याकडे चार-पाच महिने सारखंच चाललंय, त्यामुळे मला पहिली शक्यता जास्त वाटते.

आता गोळी. लेव्हेटिरासिटाम या आजारात पहिलं का निवडतात, तर ते इतर औषधांच्या वाटेत फारसं येत नाही, आणि फेनिटोईनसारखी जुनी औषधं चालणं डगमगवतात, बुद्धी आणखी मंद करतात. व्हॅल्प्रोएट या फिटच्या दुसऱ्या औषधाची तर अल्झायमरमध्येच मोठी चाचणी झाली आहे, पण त्याने आजार थांबला नाही. त्यामुळे निवड योग्य आहे. पण या गोळीने स्मरणशक्ती परत येईल अशी आशा धरू नका. २०२१ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली: ३४ अल्झायमर रुग्ण, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चार आठवडे. सगळ्यांचा एकत्र हिशोब केला तर ठरवलेल्या मुख्य चाचणीत फरक पडला नाही. पण ज्यांच्या मेंदूत ठिणग्या सापडल्या होत्या, त्यांना जागा लक्षात ठेवण्याच्या आणि मन एकाग्र करून करायच्या कामांत फायदा दिसला. म्हणून मी ही गोळी अल्झायमरच्या प्रत्येक रुग्णाला देत नाही, आणि पेशी अतिसक्रिय असतात असं वाचून कुणी मागायला आलं तरी देत नाही. ज्यांना झटके आहेत किंवा ईईजीत ठिणग्या आहेत, त्यांना देते. सासूबाई, तुमच्या वर्णनावरून, पहिल्या गटात बसतात.

दिल्यावर काय बघायचं तेही सांगते, कारण याबद्दल आधी सांगितलं नाही तर घरचे दहाव्या दिवशी गोळी बंद करतात. काहींना झोप येते, ती बहुधा दोन आठवड्यांत कमी होते. काहींचा स्वभाव चिडका होतो. शांत असलेल्या आजी भांडं आपटायला लागतात, सुनेवर संशय घेतात. हा गोळीचा परिणाम असू शकतो, सासूबाई मुद्दाम करत नसतात, आणि तुमच्यासारख्या सुनेला हे आधी माहीत असणं फार गरजेचं आहे. असं झालं तर फोन करा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. एकदम बंद मात्र करायचं नाही, त्याने फिट उसळू शकते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी लागते, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या. सुरू करायच्या आधी त्याच डॉक्टरांना फोन करा आणि इतके दिवस दिली नव्हती हे न लपवता सांगा. नाहीतर पुढच्या भेटीत ‘गोळीचा उपयोग झाला नाही’ असं समजून ते मात्रा वाढवतील.

तुमच्या यजमानांच्या काळजीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण पाढे आणि कोडी बंद करायला नको होती. कोडं सोडवताना पेशी कामासाठी चालतात. गलका होतो तो त्यांनी ठेका सोडून आपल्या आपण पेटल्यामुळे, आणि तो रात्री, झोपेतसुद्धा चालू असतो. बुद्धीचं काम केल्याने माणसांत अल्झायमर वाढतो असा काही पुरावा नाही. उलट कमी शिक्षण, न तपासलेला बहिरेपणा, एकटेपणा ही धोक्याची कारणं म्हणून मान्य आहेत. सासूबाई गणिताच्या बाई आहेत, त्यांच्याकडून पावकी-निमकी म्हणवून घ्या. लहानपणी घोकलेलं बरंच खोल रुजलेलं असतं. चुकल्या तर दुरुस्त करू नका, पुढची ओळ तुम्ही म्हणा. कोडं त्रास देत असेल, कपाळावर आठ्या येत असतील, तर सोपं घ्या किंवा थांबा. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवा.

मेंदूला खरा आराम हवा असतो तो झोपेचा. जागेपणी पेशी अमायलॉइड जास्त सोडतात आणि झोपेत त्याची पातळी उतरते, हे प्राण्यांत आणि माणसांतही दिसलंय. एक रात्र जागवलं तरी मेंदूतला अमायलॉइड वाढलेला स्कॅनमध्ये आढळला आहे. शिवाय जागरण हे फिटचं जुनं ओळखीचं कारण. नवरात्रानंतरच्या आठवड्यात माझ्या ओपीडीत वृद्ध रुग्णांची गर्दी वाढते, हा माझा दर वर्षीचा अनुभव आहे. तुम्ही मैदानाजवळ राहत असाल तर त्या नऊ रात्री सासूबाईंना आतल्या खोलीत, खिडकी लावून झोपवा, किंवा कुणा नातेवाइकांकडे ठेवा. जोरात घोरतात का आणि घोरता घोरता श्वास अडकतो का, हेही एकदा रात्री बसून ऐका. तसं असेल तर त्यावर वेगळा उपचार आहे आणि त्याने दिवसही सुधारतो. झोपेसाठी अल्प्राझोलामसारखी गोळी मात्र स्वतःहून देऊ नका.

कधी मोठी फिट आलीच तर त्यांना एका कुशीवर वळवा, डोक्याखाली उशी किंवा घडी केलेली साडी द्या, चष्मा काढा आणि घड्याळाकडे बघा. तोंडात चमचा, पाणी, काही घालायचं नाही. कांदा, चप्पल, हातात लोखंड, यातलं काही नको. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एक संपून भान यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर थेट रुग्णालयात न्या.

आणि आता या आठवड्याचं काम. वाती वळायच्या वेळी मोबाइल समोर लावून ठेवा, चेहरा आणि दोन्ही हात एकत्र दिसतील असा. असा मिनिटभराचा व्हिडिओ मला कितीदा तरी ईईजीपेक्षा जास्त सांगून गेलाय. एका वहीत तारीख, वेळ, किती सेकंद, आदल्या रात्रीची झोप आणि त्या वेळची साखर लिहा. सासूबाई मोठ्याने मोजतात ही तर तुमच्याकडे मोठीच सोय आहे. मोजणी कुठल्या आकड्यावर तुटली आणि भानावर आल्यावर त्यांनी कुठून धरली, तेही लिहा. पुढचाच आकडा धरला, की पहिल्यापासून सुरू केलं, की मोजत होतो हेच विसरल्या? गोळी सुरू करण्याआधीचे दहा दिवस आणि नंतरचे तीस दिवस अशी वही भरली, तर गोळी लागू पडतेय का हे तुमच्या डॉक्टरांना पहिल्या पानावरच कळेल. झटका चालू असताना त्यांचे हात धरू नका, हलवून जागं करू नका. निरांजन पेटलेलं असेल तर तेवढं बाजूला सरकवा. त्या ‘काय गं?’ म्हणाल्या की ‘सव्वीस झाल्या होत्या, आता सत्ताविसावी’ असं सांगा आणि कापूस हातात द्या.